गुरुत्वाकर्षणाने होणारी टक्कर : ऊर्जा कधी लावायची, संवेग कधी, आणि दोन्ही कधी?

शून्यवेग (धागाकर्ता)

अकरावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात एक गणित हमखास भेटतं. एनसीईआरटीच्या पुस्तकात ते स्वाध्यायात आहे. प्रत्येकी सूर्याएवढ्या वस्तुमानाचे (२ × १०^३० किग्रॅ) दोन तारे समोरासमोर आदळायला निघालेत. त्यांच्यातलं अंतर १०^९ किमी असताना दोघांचा वेग नगण्य आहे. प्रत्येकाची त्रिज्या १०^४ किमी. आदळताना वेग किती असेल?

उत्तर येतं सेकंदाला सुमारे २.६ × १०^६ मीटर, आणि बहुतेक मुलं ते बरोबर काढतात. मग मी फळ्यावर एका ताऱ्याचं वस्तुमान चौपट करतो, आणि अख्खा वर्ग थबकतो.

याचं कारण मला असं दिसतं. पुस्तकात या प्रकारची दोनच टोकं येतात. एका टोकाला दोन्ही गोल अगदी सारखे, म्हणजे वेगही सारखेच. दुसऱ्या टोकाला दगड आणि पृथ्वी. तिथे पृथ्वी हलतच नाही असं धरलं तरी उत्तर बिघडत नाही. पहिल्या ठिकाणी संवेग अक्षय्यतेचं (संवेग म्हणजे वस्तुमान × वेग, आणि त्याची एकूण बेरीज बदलत नाही) काम सममिती गुपचूप करून टाकते, दुसऱ्या ठिकाणी पृथ्वीचं वस्तुमान करतं. संवेगाचं समीकरण कागदावर कुठेच उमटत नाही. मुलांची समजूत होते की हे गणित फक्त ऊर्जेचं आहे. मधलं, म्हणजे एक गोल थोडा मोठा आणि एक थोडा छोटा असं गणित आलं की अज्ञात राशी दोन आणि हातात समीकरण एकच.

म्हणून हा धागा. खालचं गणित सोडवून बघा, आणि तुम्ही ते कसं समजावाल तेही लिहा.

दोन बर्फाळ गोल अवकाशात एकटेच आहेत. छोट्याचं वस्तुमान १ × १०^२० किग्रॅ, त्रिज्या २५० किमी. मोठ्याचं वस्तुमान ४ × १०^२० किग्रॅ, त्रिज्या ४०० किमी. केंद्रांमधलं अंतर ६५०० किमी असताना दोन्ही स्थिर होते, तिथून सोडून दिले. एकमेकांना टेकण्याच्या क्षणी प्रत्येकाचा वेग किती?

टंकायला सोपं जावं म्हणून चिन्हं ठरवून घेऊ. ग म्हणजे गुरुत्व स्थिरांक, म१ आणि म२ वस्तुमानं, व१ आणि व२ वेग, अं० सुरुवातीचं अंतर, अं टेकतानाचं अंतर.

---

अकरावी_ब

सर, तीन शंका आहेत. एकत्रच विचारते.

बल माहीत आहे, म्हणजे त्वरण काढता येतं. मग गतीची समीकरणं का नाही चालत?

स्थितिज ऊर्जा दोन गोलांची वेगवेगळी लिहून बेरीज का नाही करायची? प्रत्येकाला दुसरा ओढतोच आहे.

आणि मिळालेली ऊर्जा दोघांत निम्मी निम्मी का नाही वाटायची? बल तर दोघांवर सारखंच आहे, न्यूटनचा तिसरा नियम.

---

शून्यवेग

तिन्ही शंका नेमक्या जागी आहेत, एकेक घेऊ.

गतीची समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच लागू पडतात. इथे अंतर ६५०० किमीवरून ६५० किमीवर येतं, म्हणजे दहा पटीने घटतं. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून ते शंभर पटीने वाढतं. कुठलं त्वरण घेणार? सुरुवातीचं घेतलं तर उत्तर फार कमी, शेवटचं घेतलं तर फार जास्त, आणि सरासरी कशी काढायची हाच खरा प्रश्न होऊन बसतो. संकलन करून काढता येईल, पण ते संकलन एकदा कोणीतरी करून ठेवलेलं आहे. त्याचंच नाव स्थितिज ऊर्जा.

दुसरी शंका. स्थितिज ऊर्जा गोलाची नसते, जोडीची असते. −ग म१ म२ / अं हे सूत्र बघ. त्यात दोन्ही वस्तुमानं आधीच आलेली आहेत. एक गोल काढून टाकला तर ती ऊर्जा उरतच नाही. म्हणून ती एकदाच लिहायची. दोनदा लिहिली की वेग √२ पट जास्त येतो. पेपर तपासताना हा √२ दिसला की कारण शोधावं लागत नाही.

तिसरी शंका मला सगळ्यात आवडली. बल सारखं आणि वेळही तोच, म्हणून संवेग दोघांचा सारखा होतो. ऊर्जा सारखी व्हायला बल सारखं असून अंतर सारखं कापलं जायला हवं. छोटा गोल चौपट अंतर कापतो, कारण त्याचं त्वरण चौपट आहे. तेवढंच बल चौपट अंतरावर, म्हणून कार्य चौपट. गतिज ऊर्जा वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. इथे छोट्याला ४/५ आणि मोठ्याला १/५.

आता गणित. सुरुवातीला सगळं स्थिर होतं आणि बाहेरून कोणी ओढत नाही, म्हणून एकूण संवेग शेवटपर्यंत शून्य:

म१ × व१ = म२ × व२

ऊर्जा:

½ म१ व१² + ½ म२ व२² = ग म१ म२ (१/अं − १/अं०)

टेकताना केंद्रांमधलं अंतर अं = २५० + ४०० = ६५० किमी. मीटरमध्ये ६.५ × १०^५.

उजवी बाजू: ६.६७ × १०^−११ × ४ × १०^४० × (१/(६.५ × १०^५) − १/(६.५ × १०^६)). कंसातली किंमत १.३८५ × १०^−६, म्हणून मोकळी झालेली ऊर्जा सुमारे ३.७ × १०^२४ ज्यूल. त्यातला ४/५ भाग छोट्याचा, म्हणजे सुमारे २.९६ × १०^२४ ज्यूल. त्यावरून छोट्याचा वेग सेकंदाला सुमारे २४३ मीटर, आणि संवेगाच्या समीकरणावरून मोठ्याचा त्याच्या पाव, सुमारे ६१ मीटर.

पडताळा घ्यायला विसरू नकोस. १ × २४३ आणि ४ × ६१ जवळपास सारखे आले पाहिजेत, आणि ते येतात.

---

जुना_अभियंता

धागा छान काढलात. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझी पुस्ती. दोन्ही समीकरणं एकत्र केली की एकमेकांच्या संदर्भातला वेग थेट मिळतो:

(व१ + व२)² = २ ग (म१ + म२) (१/अं − १/अं०)

वर सरांच्या गणितात हा ३०४ मी/से येतो. मग तो ४:१ मध्ये वाटायचा, छोट्याला जास्त. २४३ आणि ६१. समीकरण पाठ करायची गरज नाही. उजवीकडे वस्तुमानांचा गुणाकार जाऊन बेरीज आली एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. म२ नगण्य केला की हेच सूत्र पुस्तकातल्या दगड आणि पृथ्वीच्या सूत्रात बदलतं, आणि म१ = म२ केलं की दोन ताऱ्यांचं उत्तर देतं. दोन टोकं एकाच सूत्रातून निघताना दिसली की मुलांचा विश्वास बसतो.

कुठली चूक किती महागात पडते तेही दाखवावं असं वाटतं. त्यासाठी चंद्र घ्या. समजा चंद्र कक्षेत जागच्या जागी थांबवला आणि सोडून दिला. पृथ्वीचं वस्तुमान ५.९७ × १०^२४ किग्रॅ, चंद्राचं ७.३५ × १०^२२, त्रिज्या ६३७१ आणि १७३७ किमी, अंतर ३,८४,४०० किमी. सगळं नीट केलं तर चंद्राचा वेग ९.७५ किमी/से आणि पृथ्वीचा सुमारे १२० मीटर/से येतो.

पृथ्वी हललीच नाही असं धरलं तर चंद्राचा वेग ९.८१ येतो. फरक एका टक्क्याहूनही कमी.

पण अं म्हणून दोन त्रिज्यांच्या बेरजेऐवजी फक्त पृथ्वीची त्रिज्या घेतली, तर एकमेकांच्या संदर्भातला वेग ९.८७ऐवजी ११.१६ किमी/से येतो. तेरा टक्क्यांची चूक. चंद्राचं केंद्र पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोचायच्या कितीतरी आधी चंद्राची कड पोचलेली असते! संवेग विसरण्यापेक्षा आकृती न काढणं इथे जास्त नडतं.

---

क्षितिजरेषा

मुलीचा अभ्यास घेता घेता इथे आले. चंद्र थांबवला तर पडायला किती वेळ लागेल, हे याच नियमांनी सांगता येतं का? तिने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

---

जुना_अभियंता

थेट नाही. अक्षय्यतेचे नियम "अमुक अंतरावर वेग किती" एवढंच सांगतात, "कधी" ते सांगत नाहीत. त्यासाठी संकलन करावं लागतं, किंवा केप्लरचा तिसरा नियम वापरायचा.

सरळ रेषेत पडणं म्हणजे अतिशय चपटी लंबवर्तुळाकार कक्षा. तिची एक कड चंद्राच्या आत्ताच्या जागी, दुसरी पृथ्वीच्या केंद्राशी. म्हणजे अर्ध-दीर्घ अक्ष आत्ताच्या निम्मा. आवर्तकाळाचा वर्ग अक्षाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणून नवा आवर्तकाळ २७.३ दिवस भागिले २√२. पडणं ही त्याची फक्त अर्धी फेरी, म्हणून आणखी दोनाने भाग. येतात सुमारे ४.८ दिवस. टक्कर केंद्रावर होत नसून आधीच होते, पण शेवटचा टप्पा इतक्या वेगात जातो की त्याने काही मिनिटांचाच फरक पडतो.

मुलीला हेच पृथ्वी आणि सूर्यासाठी करायला सांगा. ३६५ भागिले ५.६६, पासष्ट दिवसांच्या आत.

---

मंदाकिनी

माझा विषय हौशी खगोलशास्त्र, शिकवण्याचा अनुभव नाही. पण धाग्याच्या शीर्षकात "कधी" हा जो प्रश्न आहे त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२६ सप्टेंबर २०२२ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. डायमॉर्फस हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा छोटा चंद्र, आकार सुमारे दीडशे मीटर. यानाचं वस्तुमान आदळताना ५८० किग्रॅच्या आसपास, वेग ६.१ किमी/से. डायमॉर्फसचं वस्तुमान अंदाजे ४.३ × १०^९ किग्रॅ धरतात.

आता अकरावीच्या मुलाला विचारा, डायमॉर्फसचा वेग कितीने बदलेल?

ज्याने वरची गणितं नुकतीच केलीत तो ऊर्जेकडे धावेल. यानाची गतिज ऊर्जा सुमारे १.०९ × १०^१० ज्यूल. ती सगळी डायमॉर्फसला दिली तर वेग येतो २.२५ मीटर/से.

संवेग लावला तर: ५८० × ६१४० = ३.५६ × १०^६. भागिले ४.३ × १०^९. वेग येतो ०.८३ मिलिमीटर/से.

प्रत्यक्ष मोजमापातून आलेला बदल आहे २.७ मिलिमीटर/से.

म्हणजे ऊर्जेचं उत्तर आठशे पटीहून जास्त चुकलं, आणि संवेगाचं तीन-सव्वातीन पटीने कमी आलं. मला इथे थांबून बघावंसं वाटतं, कारण या दोन चुकांची जातच वेगळी आहे.

ऊर्जेचं गणित चुकलं कारण तिथे ती वापरायला नको होती. टकरीत ऊर्जा नाहीशी झाली नाही, पण ती दगड फोडण्यात, तापवण्यात आणि धुरळा उडवण्यात गेली. या खर्चाचा हिशेब आपल्याकडे नाही. पडताना ऊर्जा दोनच खिशांत असते, स्थितिज आणि गतिज, म्हणून तिचा मेळ बसतो. आदळल्या क्षणापासून खिसे अगणित.

संवेगाचं गणित मात्र तत्त्वाने चुकलेलंच नाही. त्यात एक वस्तू मोजायची राहिली. आघाताने उडालेला दगडधोंडा यान आलं त्याच दिशेला मागे फेकला गेला. डार्टसोबत गेलेल्या छोट्या इटालियन उपग्रहाने काढलेल्या चित्रांत हे फवारे दिसतात. मागे गेलेल्या मलब्याचा संवेग उलट्या दिशेचा, तेवढा जास्तीचा धक्का डायमॉर्फसला पुढे बसला. एकूण धक्का यानाच्या स्वतःच्या संवेगाच्या किती पट, हा गुणक वरच्या ढोबळ आकड्यांनी ३.२ ते ३.३ येतो, आघाताची दिशा आणि पृष्ठभागाचा कल नीट धरून संशोधकांनी काढलेला आकडा ३.६च्या आसपास आहे. मलबा हिशेबात घेतला की संवेग अक्षय्यता काटेकोर लागू होते. इतकी, की तिच्यावरून उलट मलब्याचा संवेगच मोजता आला.

आणि वेगातला मिलिमीटरांचा बदल कळला कसा? डायमॉर्फसला एक फेरी मारायला आधी ११ तास ५५ मिनिटं लागत. टकरीनंतर ११ तास २३ मिनिटं लागू लागली. यान त्याच्या गतीच्या जवळपास विरुद्ध दिशेने आदळलं होतं, म्हणून वेग घटला, कक्षा आवळली आणि फेरी लवकर पुरी होऊ लागली. एकेका फेरीतला अर्ध्या तासाचा फरक पृथ्वीवरच्या दुर्बिणींना सहज टिपता येतो.

या गुणकातली मोठी अनिश्चितता डायमॉर्फसच्या वस्तुमानाची आहे. ते नेमकं मोजायला युरोपचं हेरा यान ७ ऑक्टोबर २०२४ला तिकडे निघालंय.

---

शून्यवेग

मंदाकिनीताई, हे उदाहरण मी आता वर्गात घेणारच. तुमच्या प्रतिसादातली एक गोष्ट सगळ्यांसाठी पुन्हा मांडतो, कारण परीक्षेत नेमकं तिथेच घसरायला होतं.

या गणिताचे दोन टप्पे असतात. ओढ सुरू झाल्यापासून टेकेपर्यंतचा पहिला, टेकल्यापासून पुढचा दुसरा. पहिल्या टप्प्यात ऊर्जा आणि संवेग दोन्ही लावायचे. दुसऱ्यात फक्त संवेग, आणि ऊर्जेबद्दल गणितात वेगळं काही सांगितलं असेल तरच ते. "टक्कर पूर्ण स्थितिस्थापक आहे" किंवा "चिकटून एकच गोळा झाला" ही वाक्यं दुसऱ्या टप्प्यातली ऊर्जेची माहिती देण्यासाठीच असतात.

आपल्या दोन बर्फाळ गोलांचं बघा. ते चिकटले तर? एकूण संवेग शून्य होता, म्हणून गोळा जागीच थांबतो. सगळीच्या सगळी ३.७ × १०^२४ ज्यूल उष्णता आणि तोडफोडीत गेली. ऊर्जेच्या नियमाने वेग काढायला गेलं तर हे कधीच मिळणार नाही.

---

अकरावी_ब

सर, चिकटले नाहीत, पण पूर्ण उसळलेही नाहीत, तर? प्रत्यावस्थान गुणांक (टकरीनंतरचा आणि आधीचा सापेक्ष वेग यांचं गुणोत्तर) ०.५ धरला तर ते किती लांब जाऊन परत फिरतील? मी करून पाहिलं ते असं.

टकरीनंतर एकमेकांच्या संदर्भातला वेग निम्मा, १५२ मी/से. म्हणून गतिज ऊर्जा पाव उरली. आता परत पहिल्या टप्प्यासारखंच, फक्त उलटं:

१/अं(नवं) = १/६५० − ०.२५ × (१/६५० − १/६५००)

अं(नवं) सुमारे ८३९ किमी येतं. म्हणजे पृष्ठभागांमध्ये जेमतेम १८९ किमीची फट पडेल आणि पुन्हा टक्कर.

माझ्या मैत्रिणीचं म्हणणं आहे की पाव ऊर्जा उरली तर पाव अंतर तरी जायला हवं, ६५००च्या पाव म्हणजे १६२५ किमी. माझं उत्तर बरोबर आहे ना?

---

शून्यवेग

तुझंच बरोबर. अगदी नीट केलंस, आणि दोन्ही टप्पे वेगळे ठेवलेस.

मैत्रिणीला सांग की पाव ऊर्जा म्हणजे पाव अंतर हे जमिनीजवळ उडवलेल्या चेंडूला लागू पडतं, कारण तिथे स्थितिज ऊर्जा उंचीच्या प्रमाणात असते. इथे ती अंतराच्या व्यस्त प्रमाणात आहे. चढण सुरुवातीलाच सगळ्यात तीव्र. ६५० किमीवरून १३०० किमीपर्यंत जाण्यातच पूर्ण प्रवासातली निम्म्याहून जास्त ऊर्जा खर्च होते. तिला हा हिशेब करून बघू दे.

---

मंदाकिनी

समोरासमोरची टक्कर हा फार सोयीचा प्रकार आहे. प्रत्यक्षात वस्तू थोड्या बाजूनेच येतात, आणि तिथे अक्षय्यतेचा तिसरा नियम लागतो, कोनीय संवेगाचा (संवेग × केंद्रापासून वाटेचं लंब अंतर).

समजा एखादा धोंडा खूप दुरून येतोय. दूर असताना पृथ्वीच्या संदर्भातला त्याचा वेग वे०. पृथ्वीची ओढ नसती तर तो केंद्रापासून ब इतक्या अंतरावरून सरळ निघून गेला असता. ओढीमुळे त्याची वाट वाकते. पृथ्वीला जेमतेम घासेल अशी सीमा कुठली?

घासताना त्याचा वेग पृष्ठभागाला समांतर असतो, म्हणून कोनीय संवेग लिहिणं सोपं जातं: ब × वे० = त्रि × वे (त्रि पृथ्वीची त्रिज्या, वे घासतानाचा वेग). ऊर्जा: वे² = वे०² + मुक्तिवेग² (मुक्तिवेग म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला पृष्ठभागावर लागणारा किमान वेग). दोन्ही जोडले की

ब² = त्रि² × (१ + मुक्तिवेग² / वे०²)

पृथ्वीचा मुक्तिवेग ११.२ किमी/से. धोंडा ५ किमी/से अशा सावकाश वेगाने येत असेल तर ब निघतो त्रिज्येच्या २.४५ पट. क्षेत्रफळ सहा पट. म्हणजे सावकाश येणाऱ्या धोंड्यांसाठी पृथ्वीचं लक्ष्य तिच्या आकाराच्या सहा पट मोठं. १५ किमी/सेने येणाऱ्यासाठी मात्र ब फक्त सव्वापट. ग्रह कसे वाढले हे समजायला हे सूत्र लागतं: एकदा एखादा गोळा शेजाऱ्यांपेक्षा मोठा झाला की त्याचं लक्ष्य त्याच्या आकारापेक्षाही भराभर वाढतं.

यातल्या ऊर्जेच्या सूत्रावरून आणखी एक गोष्ट हाती लागते. वे० शून्य असला तरी वे हा मुक्तिवेगाहून कमी होत नाही. दुरून आलेली कुठलीही वस्तू पृथ्वीच्या वातावरणाला भिडताना सेकंदाला निदान ११.२ किमी वेगाने येणार.

---

क्षितिजरेषा

मग लोणारला जो उल्कापाषाण पडला त्यालाही हेच लागू का? आम्ही बुलढाण्याचेच.

---

मंदाकिनी

हो, लोणारलाही. वातावरणात शिरतानाचा त्याचा वेग ११.२ किमी/सेहून जास्तच असणार, मग तो कुठूनही आलेला असो. वरची मर्यादाही सांगता येते. सूर्याशी बांधलेली वस्तू पृथ्वीच्या अंतरावर सूर्याच्या संदर्भात जास्तीत जास्त ४२ किमी/से वेगाने जाऊ शकते, आणि पृथ्वी स्वतः ३०ने फिरते. अगदी समोरून आली तर ७२. त्यात पृथ्वीची ओढ वर्गात मिळवा: √(७२² + ११.२²), म्हणजे सुमारे ७३. इथे ११.२ची भर साधी मिळवायची नसते, वर्गात मिळवायची असते. म्हणून मुळातच वेगात असलेल्या वस्तूला पृथ्वीची ओढ जेमतेम एक किमी/से जास्त देते.

या दोन मर्यादांच्या मधला नेमका वेग अक्षय्यतेच्या नियमांतून मिळत नाही. बेसॉल्टमधल्या सुमारे १.८ किमी व्यासाच्या त्या खड्ड्यावरून ऊर्जेचा अंदाज बांधता येतो, पण तो दुसऱ्या टप्प्याचा अभ्यास. तिथे खडक वितळणं, फुटणं, उडणं सगळं आलं.

ज्याचा वेग मोजला गेलाय असं उदाहरण हवं असेल तर चेल्याबिन्स्क घ्या, १५ फेब्रुवारी २०१३. वातावरणात शिरताना सुमारे १९ किमी/से. त्यावरून मागे जा: √(१९² − ११.२²), सुमारे १५.३. पृथ्वीच्या ओढीत सापडण्याआधी तो आपल्या संदर्भात या वेगाने येत होता.

आणि शूमेकर-लेव्ही ९. जुलै १९९४मध्ये या धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले, वेग सुमारे ६० किमी/से. गुरूचा मुक्तिवेग ५९.५. तुकडे लहानमोठे होते, वेग मात्र सगळ्यांचा जवळपास एकच, कारण सूत्रात तुकड्याचं वस्तुमान गुरूपुढे नगण्य ठरतं.

---

जुना_अभियंता

पहिल्या ताऱ्यांच्या गणिताकडे परत येतो. पुस्तकात "टक्कर होईपर्यंत ताऱ्यांचा आकार बदलत नाही असं माना" असं वाक्य आहे. बहुतेक जण ते वाचून पुढे जातात. पण ते नसेल तर पहिल्या टप्प्यातही ऊर्जा गळते. तारे जवळ आले की एकमेकांना ताणतात, आत घुसळण होते, आणि त्यात गतिज ऊर्जेचा वाटा जातो. संवेगाला त्याने धक्का लागत नाही.

दुसरं, तिथला २.६ × १०^६ मी/से हा वेग प्रकाशवेगाच्या एका टक्क्याहूनही कमी, म्हणून न्यूटन पुरतो. त्याच सूत्रात न्यूट्रॉन तारे घाला, वस्तुमान सूर्याच्या १.४ पट आणि त्रिज्या १० किमी. वेग येतो ९.७ × १०^७ मी/से, प्रकाशवेगाच्या जवळपास एक तृतीयांश. तिथे हे उत्तर फक्त अंदाज म्हणून ठेवायचं.

---

मंदाकिनी

आणि तिथे ऊर्जेला आणखी एक वाट फुटते, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकालातले तरंग. १४ सप्टेंबर २०१५ला लायगोने (या लहरी टिपणारी अमेरिकेतली वेधशाळा) टिपलेली पहिली लहर दोन कृष्णविवरांच्या टकरीची. एक सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसरं २९ पट, आणि मिळून झालेलं ६२ पट. ६५ हवे होते. उरलेल्या तीन सूर्यांएवढ्या वस्तुमानाची ऊर्जा लहरींतून निघून गेली. ती हिशेबात घेतली की ऊर्जेचा मेळ तिथेही बसतो. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा उभी राहतेय, तिचं काम याच लहरी टिपण्याचं.

---

अकरावी_ब

सर, परीक्षेसाठी एकच विचारते. गोल सुरुवातीला स्थिर नसतील, दोघेही कुठल्यातरी वेगाने एकाच दिशेने जात असतील, तर संवेग शून्य नाही. मग सगळं नव्याने करायचं का?

---

शून्यवेग

नाही. वस्तुमानकेंद्राचा वेग आधी काढ: एकूण संवेग भागिले एकूण वस्तुमान. तो वेग दोघांच्या वेगांतून वजा कर. म्हणजे तू वस्तुमानकेंद्रासोबत चालत बघते आहेस. तिथून एकूण संवेग शून्यच दिसतो. सुरुवातीला दोघांचे वेग अगदी सारखे असतील तर वजा करून दोघेही स्थिर, आणि वरचं गणित जसंच्या तसं. वेग वेगवेगळे असतील तर सुरुवातीची थोडी गतिज ऊर्जा उरते, ती डाव्या-उजव्या बाजूला नीट लिहायची. शेवटी वस्तुमानकेंद्राचा वेग दिशेसह परत मिळवायचा.

एकच पथ्य. गतिज ऊर्जेचा आकडा बघणाऱ्याप्रमाणे बदलतो, म्हणून एका समीकरणात अर्धी ऊर्जा जमिनीवरून आणि अर्धी वस्तुमानकेंद्रावरून लिहायची नाही. एक जागा धरली की शेवटपर्यंत तीच.

जुना_अभियंता काका, तुमचं चंद्राचं गणित उद्या वर्गात देतोय. अंतर, वस्तुमानं आणि दोन्ही त्रिज्या देईन; टेकतानाचं अंतर मुद्दाम सांगणार नाही.